जुन्या ब्राउझरवरचे आजोबा

"सगळं मिळून एवढेच," असं संचालक बोलून बसला आणि सगळं तिथेच बिघडलं.

बोलला तेव्हा तो बायकोच्या मामांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसला होता. पोट भरलेलं होतं आणि टेबलाभोवतीचे सगळे नातेवाईक त्याच्या तोंडाकडे बघत होते. भरल्या पोटी, तेही नातेवाइकांसमोर, कुणीही किंमत सांगू नये. पण मामांनी विचारलं, "जावईबापू, आमच्या गाद्यांची वेबसाइट करायची तर काय घ्याल?" आणि संचालकाने मनात आलेल्या आकड्यातला बराचसा भाग लाजेखातर गिळून उरलेला सांगितला.

"यात सगळं आलं ना?"

"सगळं मिळून, मामा. कुठेही उघडा, कशावरही उघडा, सारखीच दिसणार."

मामांनी तो आकडा सगळ्यांदेखत मोठ्याने पुन्हा म्हटला, हात पुढे केला आणि म्हणाले, "ठरलं." बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर हस्तांदोलन झालं होतं.

'संचालक' हे काही त्याचं नाव नव्हे. नोकरी सोडून त्याने घराच्या कोपऱ्यात वेबसाइट बनवायची कंपनी काढली, तेव्हा कार्डावर 'संस्थापक आणि संचालक' असं छापून घेतलं. कंपनीत तो एकटाच. संचालन करायला दुसरं कुणी नसल्यामुळे तो स्वतःचंच संचालन करी, आणि त्यातही त्याचं कुणी ऐकत नसे. बायको तेव्हापासून त्याला "संचालक, कचरा खाली नेऊन ठेवा" असं म्हणू लागली. पुढे तोच स्वतःला त्या नावाने हाक मारू लागला. चहा हवा असला की संचालक शिपायाला हुकूम सोडी, आणि मग शिपाई म्हणून स्वतःच उठे.

कंपनीचं भवितव्य मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बायकोने वर्षभर वाट बघायचं कबूल केलं होतं आणि वर्ष संपत आलं होतं. जुन्या ऑफिसातले साहेब अधूनमधून फोन करून "तुझी खुर्ची अजून रिकामीच आहे हं" अशी प्रेमळ धमकी देत. आणि मामा हे फर्निचरवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. मामा खूश झाले तर टेबलवाले, कपाटवाले, खुर्चीवाले सगळे संचालकाकडे येणार. नाहीतर संचालक त्या रिकाम्या खुर्चीकडे जाणार.

वेबसाइट झाली आणि झकास झाली. सगळ्यात वर मामांचा हसरा फोटो, त्याखाली गाद्या, प्रत्येक गादीखाली किंमत आणि 'विकत घ्या' असं हिरवं बटण. महिन्याने संचालक पहिला अहवाल घेऊन दुकानात गेला. किती लोक आले, किती वेळ थांबले, कशावरून आले, असं सगळं त्यात होतं. अशी मोजणी करताना आपल्या स्वतःच्या भेटी वगळायच्या असतात. संचालकाने त्या पहिल्याच दिवशी आपल्या लॅपटॉपपुरत्या वगळल्या होत्या. या बाबतीत तो फार काटेकोर होता. शेवटच्या पानावर, कशावरून किती लोक आले ते फाकांनी दाखवणारी रंगीत गोल चकती होती, केवळ मामांवर छाप पाडायला घातलेली.

मामांनी नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं. "ही करड्या रंगाची बारीक फाक कसली?"

"ते काही नाही, मामा. जुन्या ब्राउझरवरून येणारे लोक. फार जुना आहे तो. आता कुणी वापरत नाही."

"वापरत नाही तर फाक कशी?"

"म्हणजे... थोडे वापरतात."

"आणि त्यांना आपली साइट दिसते कशी?"

इथे संचालकाने "छान दिसते" म्हणायला हवं होतं. पण व्यवसायात प्रामाणिक राहायचं त्याने ठरवलं होतं, आणि असे निश्चय माणसाला नको तिथेच आठवतात. "नीट दिसत नसेल, मामा," तो म्हणाला.

बाहेरच्यांना वाटतं, वेबसाइट म्हणजे छापील कागद, एकदा छापला की सगळ्यांना सारखाच दिसणार. तसं नसतं. बनवणारा नुसत्या सूचना लिहितो. त्या वाचून पडद्यावर पान मांडायचं काम ज्याच्या-त्याच्या संगणकातला ब्राउझर करतो, आणि प्रत्येक ब्राउझरला स्वतःची मतं असतात. एकच निरोप तीन आत्यांकडे दिला की तो तीन तऱ्हांनी पोचतो, तसंच हे. आणि या तिन्ही आत्यांची समजूत काढायचा खर्च, ज्याने एकरकमी आकडा सांगितला त्याच्या अंगावर पडतो.

मामा उभे राहिले. "जावईबापू, जुना ब्राउझर कोण वापरणार? वयस्कर माणूस. वयस्कर माणसाचं काय दुखतं? पाठ. आणि पाठ दुखली की काय लागतं?"

"गादी," संचालक म्हणाला. शाळेत असताना गणिताच्या गुरुजींसमोर तो असाच उत्तर द्यायचा.

"कडक गादी! म्हणजे आपलं खरं गिऱ्हाईक ही फाक आहे, आणि तुम्ही त्यांनाच दाराबाहेर उभं केलंत! सारखी दिसणार म्हणाला होतात ना?"

म्हणाला होता. टेबलाभोवतीचे सगळे साक्षीदार होते.

जुन्या ब्राउझरसाठी काम करायचं तर तो असलेला संगणक हवा. मामांनी लगेच उदार होऊन दुकानातल्या गल्ल्यावरचा, बाजूने पिवळा पडलेला संगणक काढून दिला. नाहीतरी नवा घ्यायचाच होता. गाद्यांच्या टेम्पोतून, फोमच्या दोन जाड तुकड्यांच्या मधे ठेवून, तो संगणक संचालकाच्या घरी आला. एवढे लाड त्याच्या लॅपटॉपचेही कधी झाले नव्हते. पण त्याची वायर आखूड निघाली. ती फक्त दाराजवळच्या प्लगपर्यंत पोचत होती. म्हणून संगणक चपलांच्या स्टँडवर बसला, आणि त्याच्यासमोर बुटक्या स्टुलावर, पाठीचं धनुष्य करून, संस्थापक आणि संचालक बसले.

"हे आजोबा इथे किती दिवस राहणार?" ऑफिसला निघालेल्या बायकोने त्याच्या खांद्यावरून हात घालून आपली चप्पल ओढून घेत विचारलं.

"दोन-चार दिवस. थोडी डागडुजी."

संचालकाने आजोबांवर साइट उघडली. मामांचा फोटो तेवढा जागच्या जागी होता. त्याखाली मात्र सगळी पळापळ झाली होती. किमती गाद्यांच्या मागे लपल्या होत्या. हिरवं बटण पानाच्या उजव्या कडेला जाऊन अर्धं बाहेर लोंबत होतं. त्याने किमती पुढे ओढल्या. आजोबा खूश झाले, पण नव्या फोनवर गादी आक्रसून बाकासारखी दिसू लागली. फोनवरची गादी रुंद केली, तर टॅब्लेटवर एकावर एक दोन गाद्या चढल्या. टॅब्लेट ताळ्यावर आणला, तेव्हा आजोबांनी बटणच गिळून टाकलं. संचालकाने बाथरूमच्या आरशासमोर संचालक मंडळाची तातडीची बैठक घेतली. 'हा आकडा कोणत्या गाढवाने सांगितला?' या विषयावर चर्चा झाली आणि गाढव एकमताने निवडून आलं.

दोन-चार दिवसांचे आठवडे झाले. तपासायला म्हणून एक जुना फोन घ्यावा लागला, एक टॅब्लेट घ्यावा लागला. हाताशी आलेलं दुसरं एक काम "सध्या फार गडबडीत आहे" म्हणून सोडावं लागलं, आणि गडबड खरीच होती, फक्त तिचे पैसे मिळत नव्हते. मामांच्या आकड्यातून निघणारा नफा तर कधीच संपला होता. आता संचालक रोज थोडे-थोडे पैसे घालून मामांची साइट सजवत होता, आणि रोज थोडी-थोडी पाठ.

पुढच्या महिन्याचा अहवाल आला. करडी फाक चांगली जाड झाली होती.

"बघा!" मामांनी दुकानभर ऐकू जाईल असं म्हटलं. "दार उघडलंत, लोक आले!"

संचालकालाही भरून आलं. कष्ट करताना कुणी बघत नाही असं वाटत असतं, आणि इथे तर रंगीत पुरावा समोर होता. उत्साहाच्या भरात त्याने मामांच्या नव्या संगणकावर रोजचा अहवाल दिसायची सोय करून दिली. त्याबद्दल पुढे त्याने स्वतःला बरंच काही सुनावलं. मामा आता दुकान उघडलं की आधी त्या फाकेतले म्हातारे, म्हणजे त्यांच्या भाषेत 'आजोबा', मोजत. आजोबा वाढले म्हणून त्यांनी अक्षरं मोठी करून घेतली. अक्षरं मोठी झाल्यावर सगळं पान पुन्हा विस्कटलं, संचालक पुन्हा चपलांच्या स्टँडपुढे बसला, आणि आजोबा आणखी वाढले. तेव्हा मामांनी कारखान्यात कडक गाद्यांचं काम लावलं. गोदामात कडक गाद्यांची भिंत उभी राहिली.

विकली मात्र एकही जात नव्हती.

"किती वेळ थांबतात हो हे लोक?" मामांनी फोनवर विचारलं.

"कधी पाऊण तास, कधी तास. सगळा वेळ कडक गादीच्याच पानावर. हिरवं बटणही दाबतात. पैसे भरायची वेळ आली की निघून जातात."

 मामांचा आवाज जड झाला. "पैसे मुलांच्या हातात असणार. बिचाऱ्यांना मागायचा संकोच. एक करा, जावईबापू. 'मुलांना कळवा' असं एक बटण टाका. ते दाबलं की मुलाला निरोप गेला पाहिजे, की बाबा रे, तुझ्या वडिलांना ही गादी हवी आहे."

"मामा, ते आपल्या आकड्यात..."

"सगळं मिळून म्हणाला होतात."

संचालकाने बटण केलं. ते सगळीकडे चाललं, फक्त आजोबांवर चाललं नाही. चालेपर्यंत दाबून बघावं लागलं. आठवड्याने मामांचा फोन आला तेव्हा ते अक्षरशः रडवेले झाले होते. "अहो, इतक्या वेळा दाबलं! पन्नासेक वेळा त्या म्हाताऱ्यांनी मुलांना कळवलं, आणि एकाही कार्ट्याने गादी घेतली नाही! काय दिवस आलेत!"

संचालकालाही त्या अज्ञात कार्ट्यांचा मनापासून राग आला. त्या भरात तो स्टुलावरून उठायला गेला, आणि अर्ध्यावरच अडकला. ना वर, ना खाली. बायको ऑफिसातून येईपर्यंत तो दाराच्या कडीला धरून, येणाऱ्याला वाकून नमस्कार केल्यासारखा उभा होता.

"पाठीची पार वाट लावलीत," घरी आलेले डॉक्टर म्हणाले. "आठवडाभर आडवं राहायचं. आणि घरची गादी बदला, फार मऊ आहे."

संचालक आडवा झाला. आजोबांवर बायकोने फडकं टाकलं. घरात पहिल्यांदाच शांतता पसरली. चार दिवसांनी मामांचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकून उशाशी ठेवला.

"जावईबापू, आजोबा येत नाहीत हो!" मामा कळवळून म्हणाले. "सोमवारपासून एकही नाही. चकतीवरून फाकच गेली. सगळ्यांना एकदम काय झालं? काही साथबीथ तर नाही ना आली?"

"बघतो, मामा," संचालक उताणा पडून म्हणाला. त्यालाही काळजी वाटली. त्याला त्या म्हाताऱ्यांचा लळा लागला होता.

बायको विमा कंपनीत होती. लोकांनी सांगितलेल्या दुखण्याखुपण्यांतलं खरं किती आणि बनाव किती, हे तपासायचं तिचं काम. ती फोन ठेवून खुर्ची ओढून पलंगाशी बसली. ऑफिसात ती अशीच बसत असणार.

"आजोबा कधीपासून आजारी आहेत?"

"सोमवारपासून."

"तू?"

"सोमवारपासून," संचालक म्हणाला.

"गेल्या महिन्यात आपण लग्नाला गेलो होतो, तेव्हा ते आले होते?"

संचालकाने लॅपटॉप छातीवर घेतला. आले नव्हते. ताप आला होता त्या दोन दिवसांत? नव्हते. वीज गेली होती ती दुपार? तेव्हाही नाही. बायको आणखी काही विचारणार होती, पण संचालकाचा हात थांबला होता. आपल्या भेटी मोजणीतून वगळायची खूण त्याने पहिल्याच दिवशी केली होती. लॅपटॉपला केली होती. चपलांच्या स्टँडवरच्या त्या पिवळ्या डब्याला करायची राहून गेली होती.

"म्हणजे," तो छताकडे बघत सावकाश म्हणाला, "कडक गादीपुढे रोज तासभर बसणारा म्हातारा मी. बटण दाबून पैसे न भरता पळणारा मी. मुलांना पन्नास वेळा कळवणाराही मीच."

"आणि गादी न घेणारा कार्टासुद्धा," बायको म्हणाली, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. संचालकालाही आलं, पण हसलं की पाठीत कळ येत होती. कळ ओसरल्यावर त्याला ती गोदामातली गाद्यांची भिंत आठवली, तिच्यामागे जुन्या ऑफिसातली रिकामी खुर्ची दिसली, आणि हसू थांबलं.

"मामांना सांगायला हवं," तो म्हणाला.

"सांगायला हवंच. मी येते बरोबर. पण आधी सरळ उभा राहा."

सरळ काही त्याला राहता आलं नाही. तो कमरेत वाकलेला, एका हाताने बायकोचा खांदा धरून दुकानात शिरला. मामा कडक गाद्यांच्या थप्पीला टेकून उभे होते. संचालकाने सगळं एका दमात सांगून टाकलं. मधे थांबला असता तर उरलेलं सांगायचा धीर झाला नसता. त्याची मान खाली होती, आणि पाठीमुळे ती तशीही वर येत नव्हती.

मामा थप्पीवर बसले. गादी इतकी कडक होती की ती जरासुद्धा दबली नाही.

"म्हणजे आजोबा नाहीतच?" त्यांनी विचारलं. गाद्यांपेक्षा त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलेलं दिसत होतं. "पण थांबा. पहिल्या महिन्यातली ती बारीक फाक? तेव्हा तो जुना संगणक तुमच्याकडे नव्हता."

 बायको पुढे झाली. "मामा, तेव्हा तो संगणक कुठे होता?"

मामांनी गल्ल्याकडे बघितलं. जिथे आता नवा संगणक होता, तिथे जुन्याच्या बुडाचा चौकोनी डाग अजून दिसत होता.

"मी आपलं... दुकान उघडलं की एकदा बघायचो," मामा पुटपुटले.

"मग साइट मोडकी दिसते, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"वर माझा फोटो छान दिसत होता ना. खाली कशाला जायचं?"

 मामांना रागवायचं होतं, पण कुणावर, हे ठरेना. शेवटी त्यांची नजर जावयाच्या हातावर गेली. तो कमरेवर होता.

"पाठ दुखतेय?"

"फार दुखतेय, मामा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कडक गादी घ्या म्हणाले," बायकोने सांगून टाकलं.

मामा हळूहळू उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "जुन्या ब्राउझरवर येणाऱ्याची पाठ दुखते आणि त्याला कडक गादी लागते. मी काय वेगळं सांगत होतो? चुकलं कुठे माझं?" त्यांनी थप्पीवर थाप मारली. "घ्या ही. नाही, अशी नाही. घरी जा आणि साइटवरून घ्या. त्याच संगणकावरून. आजवरची सगळी मेहनत वाया जायची नाहीतर."

संचालक घरी गेला, चपलांच्या स्टँडपुढे शेवटचा वाकला आणि हिरवं बटण दाबलं. या वेळी त्याने पैसे भरले. बटण पहिल्याच फटक्यात चाललं. मामांचे पैसे आले होते, त्यातले बरेचसे गादीची किंमत म्हणून मामांकडे परत गेले.

पुढच्या आठवड्यात संघटनेची बैठक झाली. मामा स्वभावाने सरळ माणूस, खोटं ते बोलत नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की जुन्या ब्राउझरसाठी जावयाने जीव तोडून काम केलं आणि त्यावरून येणारं गिऱ्हाईक शेवटी गादी घेऊनच गेलं. उरलेल्या कडक गाद्या तिथेच आपसात खपल्या, कारण फर्निचरवाल्यांमधे पाठ न दुखणारा माणूस सापडणं अवघड आहे.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. संचालक नव्या गादीवर सरळ आडवा झाला होता. खुर्चीचा फोन असणार म्हणून तो घाबरला. फोन खुर्चीचाच होता, पण साहेबांचा नाही, खुर्चीवाल्यांचा.

"आमची साइट नवी करायचीय. अध्यक्ष म्हणाले, तुमचा हात चांगला आहे. आणि ते आजोबावालं आम्हालाही पाहिजे बरं का!"

बायको खुणेने सांगत होती, आकडा सांगू नकोस, आधी विचार. संचालकाने आयुष्यात पहिल्यांदा टेबलाखालच्या पायाचं वेळेवर ऐकलं.

"करू. पण आजोबांसकट एक किंमत, आजोबांशिवाय निम्मी," तो म्हणाला. "आजोबांची गरज आहे का, ते आधी बघू. तुमच्या आत्ताच्या साइटवर जुन्या ब्राउझरवरून कुणी येतं का?"

"येतं की! अगदी नेमाने. रोज सकाळी दुकान उघडलं की पाचच मिनिटांत एक जण हजर असतो. एक दिवस चुकत नाही."

संचालक गादीवर उठून बसला. "तुमचा फोटो आहे का हो पानावर? वरच्या बाजूला?"

"आहे ना. फार छान आलाय. का?"

"काही नाही," संचालक म्हणाला. "एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या दुकानातला संगणक तेवढा बदला, म्हणजे आजोबांशिवाय भागेल. निम्म्यात होईल."



"नको नको," खुर्चीवाले ठामपणे म्हणाले. "ते गिऱ्हाईक आपल्याला तोडायचं नाही. आजोबांसकटच करा."